माश्यांची सोयरीक

नोकरीच्या मुलाखतीत सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमचे देव किती?"

मी बी.एस्सी.च्या नोट्स रात्रंदिवस घोकून गेले होते. कीटकाला पाय किती, पंख किती, डोळ्यांची रचना कशी, सगळं तोंडपाठ. देवांची तयारी नव्हती. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी मनातल्या मनात घरचा देव्हारा मोजला आणि म्हटलं, "नऊ. बाळकृष्ण धरून."

सर माझ्याकडं बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांची टोपी मांडीवर पडली. "नऊवाले आमच्यात नाईत," ते म्हणाले. "मंग काईच अडचन नाई. उद्यापासून ये."

मूल गावाहून गडचिरोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला एका राइस मिलच्या मालकाचं जुनं गोदाम होतं, त्यात आमचा माश्यांचा कारखाना. माश्या म्हणजे घरात जेवणावर बसतात त्या नव्हेत. ही लांबट, काळी कुळकुळीत माशी, पायात पांढरे मोजे घातल्यासारखी. ही कशावर बसत नाही, चावत नाही, मोठी झाल्यावर काही खातही नाही. खायचं ते सगळं अळीच्या वयात खाऊन घेते. कोंडा, भाजीबाजारातला सडका माल, खानावळीतलं उष्टं, जे द्याल ते. अशा अळ्या वाढवायच्या, गलेलठ्ठ झाल्या की वाळवायच्या आणि मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारांच्या जुन्या तलावात, मासे सोडणाऱ्यांना नाहीतर कोंबड्या पाळणाऱ्यांना खाद्य म्हणून विकायच्या. आई शेजारणींना सांगायची, पोरगी मासेमारी खात्यात लागली. अळ्यांच्या कारखान्यातल्या पोरीला स्थळ कोण आणणार, ही तिची काळजी.

सर आश्रमशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. धानोऱ्याकडचे गोंड. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, गोदामाच्याच कडेच्या खोलीत राहायचे आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे. त्यांच्या हातची अंबाडीची भाजी ज्यानं खाल्ली नाही त्याला मी काय सांगू. अळीला ते अळी म्हणत नसत, लेकरू म्हणत. "लेकराईले वाढलं का?" असं सकाळी विचारायचे, आणि गोदामात नवखा कोणी उभा असला की तो बिचारा इकडंतिकडं बघायचा.

मात्र हळवेपणा करून सत्य झाकणाऱ्यांतले ते नव्हते. अळ्या उकळत्या पाण्यात टाकून मग वाळवायला नेत. त्या दिवशी सर कढईपाशी येऊन आधी हात जोडायचे आणि मग स्वतः पहिली टोपली ओतायचे. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही कशाला बघता? आम्ही करतो ना." तर म्हणाले, "कोंबडीले खाऊ घालासाठीच वाढवून राह्यलो. मंग आता तोंड काऊन लपवू?"

सरांचं खरं काम होतं पुढच्या पिढीचे आईबाप निवडण्याचं. आमच्या चंद्रपूरचा उन्हाळा माणसांना पुरून उरतो, तिथं अळ्यांची काय कथा. मालकांनी सुरुवातीला बाहेरून मागवलेल्या अंड्यांच्या अळ्या दर मे महिन्यात उकडून मरायच्या. सर त्या मढ्यांतून जिवंत राहिलेल्या शोधायचे. त्यातल्या लवकर वाढलेल्या आणि वजनदार वेगळ्या काढायच्या, त्यांच्या माश्या होऊ द्यायच्या, त्यांची अंडी घ्यायची, पुन्हा उन्हाळा. असं करत करत त्यांनी अशी जात तयार केली की मे महिन्यात आम्ही पंख्याखाली आडवे पडलेलो आणि अळ्या कोंड्यात मजेत लोळतायत.

पण हे काही सरळ जमलं नव्हतं. पहिल्या वेळी सरांचं साफ चुकलं, आणि ती गोष्ट ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचे. एकाच टोपल्यातल्या सगळ्यात जाड अळ्या निवडल्या, त्यांच्यातल्या पुन्हा जाड निवडल्या, आणि काही पिढ्यांत अंडी फुटेनाशी झाली. सगळं खतम. मग ते गावाकडं एका लग्नाला गेले. पंगतीत बसले होते, पानात भात पडलेला, शेजारचा म्हातारा कोणाला तरी विचारत होता, "नवरीकडचे किती देवे?" सर ताटावरून उठले ते थेट एसटी गाठून परत आले. गावात आजही लोक म्हणतात की मास्तरला भात कच्चा लागला.

गोंडांमध्ये घराण्यांचे देव मोजलेले असतात. कोणी चारदेवे, कोणी पाचदेवे, कोणी सहादेवे, कोणी सातदेवे. ज्यांच्या देवांची संख्या एक, ते सगळे एकमेकांचे भाऊबहीण. त्यांच्यात सोयरीक होत नाही, मुलगी दुसऱ्या देवांच्या घरात द्यायची. सरांनी तेच माश्यांना लावलं. अळ्यांची चार घराणी केली, चुन्याचे चार, पाच, सहा, सात ठिपके देऊन टोपली वेगळी केली. चारदेव्यांचे नर पाचदेव्यांच्या माद्यांकडं, पाचदेव्यांचे सहादेव्यांकडं, असे फिरवत न्यायचे. भावाबहिणीची गाठ पडायची नाही. पुस्तकात ह्याला मोठमोठी नावं आहेत. सरांनी ती वाचली होती, पण माझ्यासमोर कधी वापरली नाहीत. ते म्हणायचे, "पोरगं दमदार हाय, पन घर कोनतं?"

माश्या कोषातून निघाल्या की भल्या सकाळी सर भिंग घेऊन बसायचे. नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. लग्न लावायचं तेव्हा दोन पिंजरे एकमेकांना भिडवायचे आणि मधली जाळी वर ओढायची. त्या जाळीला सर अंतरपाट म्हणायचे. ओढण्याआधी तिला हळदीचं बोट लावायचे. ही माशी जोडी जमली की शेपटीला शेपटी लावून बसते, तोंडं दोन दिशांना. मी म्हटलं, "सर, लग्नाच्या दिवशीच तोंडं फिरवली की हो यांनी." सर म्हणाले, "उद्याले भांडाचा टाइम नाई ना त्याईले. म्हनून आजच उरकून घेतात." माशीचं आयुष्य आठवडाभराचं. लग्न, अंडी आणि संपलं.

सर आता नाहीत. त्यांचं सगळं आठवायला बसले की मला नेहमी तो हिवाळा आठवतो.

त्या हिवाळ्यात आभाळ भरून आलं ते हटेचना. धुकं दुपारपर्यंत, आणि धुकं गेलं की ढग. ह्या माश्यांचं लग्न उन्हाशिवाय लागत नाही. ऊन अंगावर पडलं तर नर उडतात, नाहीतर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सुतकात बसल्यासारखे बसून राहतात आणि तसेच मरतात. उन्हाळ्यासाठी निवडलेली जात, थंडीत ती आधीच गारठलेली. चारदेवे बिनलग्नाचे मेले. मग पाचदेवे मेले. सहादेव्यांचे कोष थंडीनं उघडलेच नाहीत, ते जिवंत आहेत की नाहीत तेही कळेना.

मालक येऊन उभे राहिले. माणूस चांगला, पण त्यांचाही धंदा होता. म्हणाले, "सर, या खेपेले अंडी भेटली नाई तं मी बाहेरून मागवतो. आन मंग हे देवादेवाचं बंद करू. जे येईन ते वाढवू."

सर हो म्हणाले. मालकांची गाडी गेल्यावर मला म्हणाले, "बाहेरची येतीन, मे महिन्यात मरतीन. हे पुन्हा बाहेरून आनतीन. माह्याकडून दुसऱ्यांदा होनार नाई, वं बाई. माह्याकडं तेवढे उन्हाळे नाईत." मी उगाच टोपल्या सरळ लावत बसले.

मग सरांना हॅलोजनची आठवण झाली. आम्ही दोघं गेलो मूलला, चाचांच्या बिछायत केंद्रात. चाचा म्हणजे सगळ्या तालुक्याच्या लग्नांचे मंडप, गाद्या, भांडी पुरवणारे.

"चाचा, हॅलोजन पायजे," सर म्हणाले. "जुने. पिवळे. अंगाले चटका देनारे."

"सर, हॅलोजन अब कोन लगाता?" चाचा म्हणाले. "एलईडी घेऊन जा ना. पांढरा शुभ्र उजेड, बिल भी कम."

"एलईडीनं लगन लागत नाई."

चाचांचा हात चहाच्या कपावरच थांबला. "किसका लगन, सर?"

"घरचंच हाय," सर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं. "लवकर उरकाचं हाय. आज-उद्यातच."

चाचांनी सरांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. मग सावकाश माझ्याकडं बघितलं.

"मी नाही!" मी ओरडले. "चाचा, मी फक्त कामाला आहे तिथं!"

"मुबारक हो, सर," चाचा गहिवरून म्हणाले, आणि आपल्या गोदामात धूळ खात पडलेले सगळे हॅलोजन काढून दिले. वर आपल्या मनानं लाल गालिचा, सोनेरी झालर आणि नवरानवरीच्या मखमली खुर्च्या टेम्पोत चढवल्या. मी सरांना किती खुणावलं. पण सरांचं लक्ष झालरीवर. वारा अडवायला ती फार चांगली आहे, असं त्यांचं मत पडलं.

बातमी आमच्याकडं एसटीनं प्रवास करते. चाचांनी कंडक्टरला सांगितलं असेल, कंडक्टरनं पुढं पोचवलं. रस्त्यावरून जाणारे लोक आमच्या गोदामाला लावलेली झालर बघून हॉर्न वाजवून जाऊ लागले. एकानं तर आत डोकावून "जेवन कवा हाय?" असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलोजन पेटले तेव्हा आत सातदेवे तेवढे शिल्लक होते. कोषातून निघून चार-पाच दिवस झालेले. नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. उष्णता लागताच नर उडायला लागले. दिव्यांचा उपाय लागू पडला होता. मी टाळ्याच वाजवल्या. आणि मग माझ्या ध्यानात आलं की सरांनी हळदीची वाटी हातात घेतलेली आहे आणि ते हलत नाहीयेत.

"सर, अंतरपाट."

"सातदेवे हायेत," सर म्हणाले. "दोन्हीकडचे."

"एकदाच तर करायचं. एका पिढीनं काही बिघडत नाही, तुम्हीच सांगितलंय मला. पुढच्या खेपेला सहादेवे निघाले की सगळं पहिल्यासारखं."

"मालूम हाय मले."

"मग?"

सर त्या मखमली खुर्चीवर बसले. नवरदेवाच्या. आणि खाली गालिच्याकडं बघत बोलायला लागले.

"मीबी सातदेव्याचा. आन तीबी. आमी आश्रमशाळेत सोबत होतो. दोघाईच्याबी मनात होतं. मंग घरच्याईनं देव मोजले. सात इकडं, सात तिकडं. बहीन झाली ती माही. पुढं आठोडी बाजारात भेटली तं म्हनली, 'दादा, बरा हाय का?' तवापासून दादाच. बाजारात बाकीच्या बाया नवऱ्याले 'अजी, अजी' करून हाका मारत. मी आपला मिरच्या निवडत उभा राहो." ते जरा हसले. "तिचं लगन झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली. नवरा वारला मागं. चांगलं झालं तिचं सगळं."

"तुम्हाला राग नाही आला कोणाचा?"

"कोनाचा येनार? नियम चांगलाच हाय. माह्या माश्या त्याच नियमानं जगल्या. पन मी सारा जलम ज्याच्यासाठी थांबलो, ते आता या हातानं मोडू कसं? उचलत नाई हात."

"मी उचलते."

"नाई," सर म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तुले त्यातलं समजत नाई. तुह्ये देव नऊ."

मला राग आला, रडूही आलं. माश्या आज-उद्याच्या सोबती. समोर डोळ्यांदेखत सगळी मेहनत मरायला टेकलेली, आणि हा माणूस हळदीची वाटी घेऊन बसलेला. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. धुकं होतंच.

दुपारी गडचिरोलीची एसटी थांबली आणि एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. काटक, हातांवर कोपरापर्यंत गोंदण, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. झालर बघून सरळ आमच्याकडं आल्या. "लगनघर हेच का, वं?"

मी काही सांगायच्या आत त्या आत गेल्या. सर खुर्चीवरून उठले. उठले म्हणजे उभे राहिले एवढंच, पुढं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"दादा," बाई म्हणाल्या, "मले कंडक्टरनं सांगतलं. बहिनीले बलावलं नाई, आन लगन करून राह्यला." त्यांनी पिशवीतून धोतरजोडी काढून सरांच्या हातात दिली. मग इकडंतिकडं बघितलं. "नवरी कुठी हाय?"

सरांनी पिंजऱ्याकडं बोट दाखवलं.

बाईंनी पिंजऱ्याजवळ जाऊन वाकून बघितलं. आधी त्यांना काहीच उमगेना. मग सरांनी सगळं सांगितलं, चाचांपासून. बाई गालिच्यावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मला ते सुटकेचं हसू वाटलं. मला त्या बाईंचा एकदम फार लोभ वाटला.

हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "मंग याईचं लाव ना लगन. बसून काऊन राह्यला?"

सर वाटीतली हळद ढवळत राहिले. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दोन्हीकडचे सातदेवे आहेत."

बाई पदराशी चाळा करत होत्या.

"किती दिवस जगते हे?" त्यांनी विचारलं.

"परवा नाई राह्यनार," सर म्हणाले.

"आन लगन नाई लागलं तं?"

"तं काईच नाई. मरतात. मांग कोनी राह्यत नाई."

बाईंनी सरांकडं बघितलं. कितीतरी वेळ बघत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सरांच्या हातातल्या वाटीत बोट बुडवलं, जाळीला हळद लावली आणि म्हणाल्या, "आपन मानलं ते आपल्यापुरतं. आपल्या वाट्याचं आपन भरलं. याईच्यापासून काऊन भरून घेतं?" आणि त्यांनी अंतरपाट वर ओढला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग एक नर पलीकडं गेला, मग दुसरा, आणि मग पिवळ्या उजेडात नुसता काळा पाऊस. थोड्या वेळानं पहिली जोडी जाळीवर बसलेली दिसली, शेपटीला शेपटी लावून. सर गालिच्यावर मांडी घालून बसले होते आणि धोतरजोडी त्यांनी पोटाशी धरली होती.

त्याच माश्यांनी बांबूच्या कमच्यांच्या फटीत अंडी घातली. पुढं ऊन पडल्यावर सहादेव्यांचे कोषही उघडले, त्यांचे नर सातदेव्यांच्या लेकींकडं गेले, आणि बाहेरची अंडी मालकांना मागवावी लागली नाहीत. मेलेली दोन घराणी सरांनी त्यातूनच नव्यानं पाडली. ते गोदाम आता मी बघते आणि त्यात त्याच माश्यांचा वंश आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी परतीची एसटी आली तेव्हा आम्ही दोघं बाईंना पोचवायला रस्त्यावर गेलो. सरांनी त्यांची पिशवी वर दिली. पिशवीत सरांच्या खोलीतली होती नव्हती ती सगळी अंबाडी. बाई खिडकीपाशी बसल्या. बस सुटली तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "अजी, टोपीवर मफलर बांधत जा. लय थंडी हाय."

बस धुक्यात गेली. सर रस्त्यावरच उभे. मागून ट्रक हॉर्न देत होता, मी त्यांना हाताला धरून कडेला घेतलं.

"काय म्हनली ती?"

"मफलर बांधत जा म्हणाल्या."

"त्याच्या आंधी."

मी सांगितलं. गोदामाच्या दारापर्यंत आलो, तिथं थांबले आणि ते त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.